दुखणे कमी झाल्यावर मी ऑपरेशन का केले

अपघाताला आता दोन वर्षे होत आली, तरी शाळेत, नात्यात किंवा सोसायटीच्या जिन्यात भेटणारी माणसे, विशेषतः ज्यांचा स्वतःचा खांदा दुखतो आहे अशी माणसे, मला विचारतात की फिजिओथेरपीने दुखणे कमी झाले होते, मग तुम्ही ऑपरेशन का करून घेतलेत. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते, कारण हे उत्तर जिन्यात उभे राहून देता येत नाही.

नवले पुलाच्या उतारावर वाहतूक थबकली असताना मागून आलेल्या टेम्पोने आमच्या गाडीला धडक दिली. गाडी मी चालवत होते. आरशात तो येताना दिसला आणि मी दोन्ही हात ताठ करून स्टिअरिंग घट्ट धरले. रुग्णालयात एक्स-रे काढला, हाड शाबूत होते, तेव्हा 'मुका मार आहे' असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. एक्स-रेमध्ये हाड दिसते, पण स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी, जिला डॉक्टर टेंडन म्हणतात, ती दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सासूबाई रोज आंबेहळदीचा लेप लावत, मी गोळ्या घेई, आणि असे दहा आठवडे गेले. ते दहा आठवडे मला अजून खुपतात.

उजव्या कुशीवर झोपता येईना आणि वेणी घालण्यासाठी हात डोक्यामागे जाईना, तेव्हा कुठे एमआरआय झाला. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या टेंडन मिळून जो रोटेटर कफ होतो, त्यातली वरची टेंडन पूर्ण जाडीत फाटलेली होती. पहिल्या सर्जननी लगेच ऑपरेशन सुचवले. दुसऱ्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी हात तपासला आणि सांगितले की खांदा आखडला आहे, आखडलेल्या खांद्यावर ऑपरेशन केले तर तो आणखी आखडण्याची भीती असते, म्हणून सहा आठवडे व्यायाम करा. मात्र त्याहून अधिक थांबू नका, असेही ते म्हणाले, कारण पूर्ण फाटलेली टेंडन आपोआप हाडाला चिकटत नाही. ती आत ओढली जाते, न वापरलेला स्नायू रोडावतो, त्यात चरबी भरते, आणि मग शिवलेले टिकेलच असे नाही.

त्या सहा आठवड्यांत दुखणे खरोखरच ओसरले. रात्रीची झोप परतली, घरात सर्वांना हायसे वाटले, आणि ऑपरेशन टळले असे मीही धरून चालले होते. पण फिजिओथेरपिस्ट दर शनिवारी माझ्या हातात अर्धा किलोचे वजन देऊन हात खांद्याच्या रेषेत धरायला सांगत. डावा हात सहज थांबे, उजवा थरथरत खाली येई. पहिल्या शनिवारी जे झाले तेच सहाव्या शनिवारी झाले. वर्गातही तेच: खडू फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचे, पण तिथे शब्द पूर्ण होईपर्यंत हात टिकत नसे. माझा निर्णय वेदनेवर नव्हे, या न परतलेल्या ताकदीवर झाला.

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या रिपोर्टमध्ये जवळजवळ हेच शब्द आहेत. त्यांचे वय सदुसष्ट, मार कधी लागलेला नाही, टेंडन वयोमानाने झिजून फाटलेली, आणि व्यायामाने हात इतका सुधारला की त्या वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढतात. त्यांना ऑपरेशन नको, असे त्याच सर्जननी सांगितले. म्हणून कोणी रिपोर्ट पुढे केला की मी आधी विचारते, मार लागला होता का, केव्हा, आणि उचललेला हात तिथे टिकतो का.

ऑपरेशन दुर्बिणीतून झाले, चार लहान छिद्रांतून. खरा कस त्यानंतर लागला: सहा आठवडे हात झोळीत, पहिले पंधरा दिवस आरामखुर्चीत बसूनच झोप, वेणी घालून द्यायला मुलगी. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात टिकायला पाच महिने लागले. आता तो टिकतो. पाठीमागे मात्र तो कमरेच्या फारसा वर जात नाही. जाईलच असे सर्जननी कधी म्हटले नव्हते, आणि विचारणाऱ्याला मी तेही सांगते.