तुम्ही विचारलंत म्हणून: हा ऊद नहातचाच का?

मैफल संपली की कोणीतरी हमखास विचारतं, "हा नहातचाच ना? मग आतली चिठ्ठी का काढलीत?" ऊद म्हणजे अरबी-तुर्की संगीतातलं फुगीर पाठीचं तारवाद्य, नहात हे ऊद बनवणारं दमिश्कचं (दमास्कसचं) नावाजलेलं घराणं, आणि चिठ्ठी म्हणजे वाद्याच्या आत चिकटवलेला, कारागिराचं नाव सांगणारा कागद. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन कंटाळलो. आता एकदाच सविस्तर सांगतो.

बाबा कुवेतला नोकरीला असताना त्यांनी हा ऊद एका सीरियन सहकाऱ्याकडून घेतला. आतल्या चिठ्ठीवर अरबीत नहात घराण्याचं नाव, दमिश्क आणि १३२८ साल. त्या सालावरच मी कितीतरी रात्री घालवल्या आहेत. हिजरी धरलं तर १९१०, उस्मानी सरकारी रूमी कालगणना धरली तर १९१२. चिठ्ठी खरी की खोटी, हा प्रश्न मात्र तेव्हा मनातही आला नाही.

यायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. नहात किंवा इस्तंबूलचा ऊद-कारागीर मानोल (१८४५–१९१५) यांचं नाव लागलं की वाद्याची किंमत कुठल्या कुठे जाते, त्यामुळे त्यांच्या चिठ्ठ्या भलत्याच वाद्यांत सापडतात हे ऊदवाल्यांना ठाऊक असतंच. पण घरात लहानपणापासून ऐकलेल्या नावावर कोण संशय घेतो?

तबलीच्या, म्हणजे ऊदाच्या पुढच्या सपाट लाकडी फळीच्या, आतली एक आडवी पट्टी सुटून मंद्रातल्या तारा झणझणायला लागल्या, म्हणून मी ऊद शारजातल्या एका इराकी कारागिराकडे नेला. त्याने गरम पातळ सुरी कडेने फिरवत तबली उचलली. लाकडी पट्ट्या जोडून केलेल्या पाठीच्या आत, सांध्यांवर चिकटवलेले कागद विड्याच्या पानासारखे तपकिरी पडलेले, लाकूड काळवंडलेलं. तबलीच्या आतल्या पट्ट्या मात्र पांढऱ्याफटक. "पाठ जुनी, तबली बरीच नंतरची," तो म्हणाला. एवढं मला सहन झालं. तबल्या बदलतात, तारांचा ताण सगळा तिच्यावरच असतो.

मग त्याने चिठ्ठीच्या कोपऱ्यावर कोमट पाण्यात भिजवलेला बोळा ठेवला. जनावराच्या कातड्याचा जुना सरस अशाने विरघळतो. हा विरघळला नाही, रबरासारखा ताणला गेला. फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा गोंद. चिठ्ठी सुटली, तर तिच्याखालचं लाकूड आजूबाजूइतकंच काळं. शंभर वर्षं झाकलेली जागा उजळ राहायला हवी होती. शेवटी त्याने भिंग माझ्या हातात दिलं. चिठ्ठीची नक्षीदार चौकट ठिपक्याठिपक्यांची दिसली. छापलेल्या फोटोवरून पुन्हा केलेली छपाई.

"परत लावून देऊ? किंमत टिकेल," त्याने विचारलं. त्यात लबाडी नव्हती. गिऱ्हाइकं बहुधा हेच सांगत असणार. मी नको म्हणालो. दहा वर्षांपूर्वीचा मी हो म्हणाला असता, आणि वर बजावलं असतं की बाबांच्या श्रद्धेपुढे खऱ्याखोट्याचा हिशेब कशाला. तो युक्तिवाद अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. रात्री फोनवर बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "चिठ्ठी फेकली नाहीस ना?" नाही फेकली. पाकिटात आहे.

"म्हणजे फसवलं गेलात," हे मला ऐकवू नका. त्या सहकाऱ्याला तरी माहीत होतं का, कोण सांगणार? आणि चिठ्ठी खोटी निघाली म्हणून पाठ खोटी ठरत नाही. मोडकळीला आलेल्या खऱ्या वाद्याला नवी तबली बसवून, हरवलेल्या चिठ्ठीच्या जागी कोणी नक्कल लावली असेल, असंही होऊ शकतं. हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणतोय का? थोडंसं, हो. तबलीच्या लाकडाची वलयं मोजून काळ ठरवा, असं काही जण सुचवतात. त्यातून त्या लाकडाचं वय कळेल, ते या नंतरच्या तबलीचं. पाठीबद्दल काहीच कळणार नाही.

तारेची लांबी साडेएकसष्ट सेंटीमीटर आहे, म्हणजे अरबी माप. तुर्की ऊद साडेअठ्ठावन्नच्या आसपास असतो. पण दांडी बदलली की मापही बदलतं, त्यामुळे यावर मी फार विसंबत नाही.

उरते ती पाठ. पट्ट्यांची रुंदी, बुडाशी त्या कशा निमुळत्या होतात, मधल्या बारीक रेघांचं लाकूड. खात्रीच्या नहात ऊदांच्या पाठीचे, पट्ट्या मोजता येतील इतके स्पष्ट फोटो कोणाकडे असतील, तर पाठवा. बाबाही वाट पाहतायत.