कॅनीची लढाई: १४० पट्ट्या आणि न जुळणारी बेरीज

इ.स.पू. २१६ मध्ये कार्थेजच्या हॅनिबलने इटलीत कॅनीला रोमनांचा धुव्वा उडवला. त्या लढाईची छोटी प्रतिकृती मी प्लायवर मांडतोय. गेल्या रविवारी रोमन पायदळ कापून संपलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून अर्धा सेंटीमीटर रुंद, पाच सेंटीमीटर लांब अशा १४० पट्ट्या. एक पट्टी म्हणजे ५०० माणसं: समोर १०, मागे ५० रांगा. पन्नासचा आकडा माझा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस एवढंच सांगतो की तुकड्या रुंदीच्या कितीतरी पट खोल उभ्या होत्या. प्लायवर १ सेंटीमीटरला २० मीटर धरले, तर आघाडी ७० सेंटीमीटर भरली.

लढाई नदीच्या कुठल्या काठावर झाली, हा प्रश्न मात्र पटकन सुटला. रोमनांची तोंडं दक्षिणेला, उजवी बगल नदीला, यावर पॉलिबियस आणि रोमन इतिहासकार लिव्ही एकमत आहेत. ही नदी, ओफान्तो, ईशान्येला वाहते. डाव्या काठावर तसं उभं राहिलं तर नदी डाव्या हाताला येते. म्हणून सैन्य उजव्या काठावर मांडलं.

खरी गोची मेलेल्यांची. पॉलिबियसचं पायदळ ८०,००० (१०,००० छावणीत ठेवलेले, म्हणून माझ्या पट्ट्या ७०,०००च्या). त्यातले सुमारे ७०,००० मेले, १०,००० पकडले, ३,००० निसटले. झाले ८३,०००! तीन हजार जास्तीचे कुठून आणले बाबाने? लिव्ही म्हणतो, ४५,५०० पायदळ आणि २,७०० स्वार पडले. उरलेल्यांच्या दोन लीजन (चार-पाच हजारांच्या रोमन तुकड्या) करून पुढे सिसिलीला पाठवल्या. तीन हजारांत दोन लीजन होत नाहीत, त्यामुळे इथे मी लिव्हीच्या बाजूने. मांडणी पॉलिबियसची, मुडदे लिव्हीचे, असा माझा तह.

पॉलिबियसवर डोळे झाकून विसंबू नये याला आणखी एक कारण. त्याचा आश्रयदाता स्किपिओ एमिलियानस हा कॅनीला पडलेल्या कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी आणि सेनापती) पॉलसचा सख्खा नातू. मग पराभवाचं खापर फुटलं दुसऱ्या कॉन्सलच्या, वारोच्या डोक्यावर. पॉलस मात्र मानाच्या उजव्या बगलेला! त्या दिवशी हुकूम नक्की कोणाचा चालत होता, अशी शंका मला येते. दोघांच्या टाचण्या सध्या एकाच लाल रंगाच्या ठेवल्यात.

लिव्ही आणखी सांगतो की वोल्टर्नस वाऱ्याने रोमनांच्या डोळ्यांत धूळ गेली. पॉलिबियस वाऱ्याचं नावही काढत नाही. मी तो वगळणारच होतो, तेवढ्यात घरच्यांनी पंखा पाचवर केला आणि डाव्या बगलेच्या चाळीसेक पट्ट्या सोफ्याखाली गेल्या. आता आधी डिंक, मग हॅनिबलच्या फळीची मधली कमान.