तुम्ही विचारलंत म्हणून: जुनं एनरॉफ कशाला उकरायचं?

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कुणाच्याही शॉपवर गेलो की चहा येईपर्यंत हा प्रश्न येतोच. "सर, युनिक्सचं मॅन्युअल नेटवर मिळतंय की हो. नाहीतर 'मॅन' ही आज्ञा टाइप केली की झालं. मग १९७९ सालचा एनरॉफ प्रोग्राम चालू करायची उठाठेव कशाला?" विचारणारा बहुधा पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडलेला असतो आणि त्याचं म्हणणं चूकही नसतं. पण उत्तर चहाच्या वेळात संपत नाही, म्हणून एकदाच लिहून काढतो.

युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तिचं मॅन्युअल म्हणजे साधा मजकूर. ओळीच्या सुरुवातीला टिंब आणि त्यापुढं दोन अक्षरं: .टीएच असेल तर पानाचा मथळा, .एसएच असेल तर विभागाचं शीर्षक, .पीपी असेल तर नवा परिच्छेद. हे वाचून मजकूर टर्मिनलवर नीट मांडतो तो एनरॉफ. तेच काम छपाईच्या यंत्रासाठी करतो तो ट्रॉफ. घराणं जुनं आहे. एमआयटीत जेरोम साल्टझर यांनी १९६४ साली 'रनऑफ' लिहिला, त्यावरून, युनिक्स जिथं जन्मला त्या बेल लॅब्जमध्ये, 'रॉफ' आला आणि मग जो ओसाना यांनी एनरॉफ आणि ट्रॉफ केले. गंमत म्हणजे युनिक्सच्या मंडळींना पीडीपी-११ हे मशीन मिळालं तेच मजकूर जुळवायची व्यवस्था करून देतो या बोलीवर. १९७१ साली बेल लॅब्जच्या पेटंट विभागातले टायपिस्ट युनिक्सवर अर्ज टाइप करू लागले. म्हणजे हे मॅन्युअलचं लचांड नंतर चिकटलेलं नाही, युनिक्सचं पोट सुरुवातीला त्यावरच भरलं.

आज युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर 'मॅन' म्हटल्यावर जे उमटतं ते बहुधा ग्रॉफचं, म्हणजे एनरॉफ-ट्रॉफच्या नव्या अवताराचं, काम. जेम्स क्लार्क यांनी १९९० च्या सुमारास ते नव्यानं लिहिलं. युनिक्सच्या घराण्यातल्याच ओपनबीएसडीनं २०१० साली ग्रॉफ काढून मँडॉक हा दुसरा मांडणारा प्रोग्राम घेतला. दोन्ही उत्तम आहेत. तुमचं मशीन नेटला जोडलेलं असेल तर तेच वापरा, माझ्या नादी लागू नका.

माझं काम जिथं असतं तिथं नेट नसतं. हायड्रॉलिक टेस्ट बेंचच्या पॅनेलमध्ये एक छोटा बोर्ड, त्याला काळा टर्मिनल, आणि कुठला व्हॉल्व्ह आधी सोडायचा हे ऑपरेटरला तिथंच वाचता आलं पाहिजे. आणि ते दहा वर्षांनीही वाचता आलं पाहिजे. ही दुसरी अट मला बेळगावच्या डीटीपीवाल्यांनी शिकवली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका त्यांच्या सीडीवर पडून आहेत. उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या फायलींत मराठी अक्षरं कधी नव्हतीच, ठराविक फॉन्टातल्या आकारांचे क्रमांक होते. फॉन्ट गेला, मजकूर गेला. १९७९ सालचं मॅन्युअल पान मात्र कुठल्याही एडिटरमध्ये उघडा, टिंबं सोडून बाकीचं सरळ वाचता येतं. उरतो तो ते मांडणारा प्रोग्राम. तो काही हजार ओळींचा असला तर एकटा माणूस अथपासून इतिपर्यंत वाचून दुरुस्त करू शकतो. युनिक्सच्या सातव्या, म्हणजे १९७९ च्या, आवृत्तीचं एनरॉफ तेवढंच आहे, आणि जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीनं जुन्या युनिक्सचा सोर्स खुल्या परवान्यावर दिल्यापासून ते वापरायला कुणाची आडकाठी नाही.

आता तो सोर्स कंपाइल करायला, म्हणजे मशीनला चालेल अशा रूपात आणायला, बसा म्हणजे कळेल. पीडीपी-११ वर पूर्णांक १६ बिटांचा आणि पत्ताही १६ बिटांचा, त्यामुळं तेव्हाचे लोक दोन्ही एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरत. आजच्या ६४ बिटांच्या मशीनवर पत्त्याचा निम्मा भाग वाटेतच गळतो आणि प्रोग्राम आपटतो. जीसीसी या कंपाइलरची २०२४ ची आवृत्ती तर आधी जाहीर न केलेल्या फंक्शनला थेट चूक म्हणते, जे एका अर्थी बरंच आहे. खरा डंख वेगळा. जुन्या सी भाषेत दोन वजा करायचे तर आधी बरोबरचं चिन्ह आणि मग उणेचं, '=-', असं लिहीत. आजचा कंपाइलर ते 'बरोबर उणे दोन' असं वाचतो, तक्रारही करत नाही, आणि समास कुठल्या कुठं जातो. असली चिन्हं डोळ्यांनीच शोधावी लागतात.

मग पहिलं पान उमटतं आणि शीर्षकातलं प्रत्येक अक्षर दोनदा येतं. एनरॉफ कागदावर ठोकणाऱ्या टेलिटाइपसाठी लिहिलेला: ठळक अक्षर हवं तर एकदा ठोकायचं, बॅकस्पेसनं मागं यायचं आणि त्याच जागी पुन्हा ठोकायचं. अधोरेखन म्हणजे रेघ, बॅकस्पेस, अक्षर. 'लेस' या मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममधून पाहिलं तर त्याला हा संकेत अजून समजतो आणि तो ठळक करून दाखवतो. पानही ६६ ओळींचं, कारण ११ इंची कागदावर इंचाला ६ ओळी. पडद्यावर मात्र मजकुराच्या मधेच रिकाम्या ओळींचा पट्टा येतो. तो मी मॅक्रोंमध्ये, म्हणजे त्या टिंबाच्या आज्ञांच्या व्याख्यांमध्ये, बंद केला.

आणि मराठी? मूळ प्रोग्राम सात बिटांपलीकडं, म्हणजे इंग्रजी अक्षरांपलीकडं, काही ओळखत नाही. अक्षर, फॉन्ट आणि आकार हे सगळं त्यानं १६ बिटांत कोंबलेलं, म्हणून आधी तो कप्पा ३२ बिटांचा केला. नंतरचा घोळ मोजणीचा. 'बेळगाव' हा शब्द यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत १८ बाइटचा, युनिकोडचे संकेतांक ६, आणि वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात ४. एनरॉफ ओळीची उजवी कड सरळ करायला जागा मोजून शब्दांमध्ये फट टाकतो, आणि मोजणीच चुकली की कड करवतीसारखी होते. एकाराच्या मात्रेला शून्य जागा धरा म्हटलं की प्रश्न मिटत नाही, कारण काना किती जागा घेतो यावर दोन टर्मिनलांचंच एकमत नसतं. शेवटी .एनए देऊन उजवी कड सरळ करायचा हट्ट सोडला, .एनएच देऊन ओळीच्या शेवटी शब्द तोडणंही बंद केलं. ते तोडायचे नियम इंग्रजीचे, आपल्या कामाचे नाहीत. डावी कड सरळ, उजवी मोकळी. पॅनेलसमोर उभं राहून वाचणाऱ्याला तेच सोपं पडतं.

कानडी पानं अजून व्हायची आहेत. निम्मे ऑपरेटर मराठीपेक्षा कानडीच भराभर वाचतात, त्यामुळं ती आधी करायला हवी होती असं म्हणणारे म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. तिथं जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लागतं आणि एका ओळीच्या उंचीत ते बारीक होऊन दिसेनासं होतं. सध्या दोन ओळींमध्ये एक रिकामी ओळ सोडून बघतोय. पान लांबतं, पण अक्षर ओळखू येतं.