यॉर्क: मध्ययुगीन काच आज कशी घडवतात

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून यॉर्कला रेल्वेने साधारण दोन तास लागतात. स्टेशनाबाहेर पडलं की जुन्या तटापलीकडे मिन्स्टरचे, म्हणजे यॉर्कच्या भव्य कॅथेड्रलचे, मनोरे दिसतात आणि बहुतेक लोक थेट तिकडे चालू लागतात. रंगीत काच कशी बनते हे समजून घ्यायचं असेल, तर ऊझ नदी ओलांडण्याआधी अलीकडच्या काठाला, नॉर्थ स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये शिरावं. मिन्स्टरची काच मान मोडून वर बघावी लागते. इथे १५व्या शतकातल्या खिडक्या जवळजवळ नजरेच्या पातळीवर आहेत, त्यामुळे हात कसा फिरला हे दिसतं.

उत्तरेच्या बाजूला दोन खिडक्या शेजारीशेजारी आहेत. एकीत जगाच्या शेवटच्या १५ दिवसांची चित्रं आहेत, खालून वर वाचत जायची. दुसरीत एक दाढीवाला धनिक भुकेल्यांना जेवू घालतो, तहानलेल्यांना पाणी देतो, आजाऱ्यांची विचारपूस करतो. त्याच्या चेहऱ्याजवळ उभं राहा. काळ्या रेषा दोन जातीच्या दिसतील. जाड रेषा म्हणजे शिशाची पट्टी, तुकडे जोडणारी. डोळे, नाक, दाढीचे केस या बारीक रेषा काचेवर रंगवून भट्टीत भाजलेल्या. आणि ‘पांढरी’ म्हणतो ती काच नीट पाहिली तर किंचित हिरवट आहे, तिच्यात बुडबुडे आहेत, जाडी कमीजास्त आहे. सगळ्या कलेचं मर्म या असमानपणात आहे. उजेड त्यात अडखळतो, आणि काच स्वतःच उजळल्यासारखी वाटते.

हे पुढे लोक विसरले होते. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन धर्तीच्या, चर्चची लाट आली, पण तेव्हाची कारखान्यातली काच पातळ, स्वच्छ आणि एकसारखी होती. रंग बरोबर असूनही खिडकी रंगीत कागदासारखी दिसे. चार्ल्स विन्स्टन या वकिलाने हौसेने याचा पिच्छा पुरवला, जुन्या तुकड्यांचं रासायनिक पृथक्करण करून घेतलं आणि लंडनच्या व्हाइटफ्रायर्समधल्या पॉवेल कंपनीकडून १८५०च्या दशकात त्या धर्तीची काच बनवून घेतली. आज जिला ‘अँटिक’ काच म्हणतात तिचा उगम या खटपटीत आहे. नावावर जाऊ नका, ती काच नवीच असते.

काच

ही काच अजूनही तोंडाने फुंकतात. बव्हेरियातल्या वाल्डझासेन गावी लॅम्बर्ट्स आणि फ्रान्समध्ये सां-ज्युस्त ही त्यातली मोठी नावं. नळीवर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन लांबट नळकांडं फुंकतात, दोन्ही टोकं कापतात, उभा छेद देतात आणि पुन्हा तापवून ते सपाट उलगडतात. साधारण ६० × ९० सेंटिमीटरचा, सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा मिळतो. एकाच पत्र्यात एका कडेला रंग गडद, दुसऱ्या कडेला फिका. चांगला कारागीर हे वाया घालवत नाही: झग्याच्या घडीसाठी गडद कड, गुडघ्यावर उजेड पडतो तिथे फिकी.

निळ्यासाठी कोबाल्ट, जांभळ्यासाठी मँगनीज, हिरव्या आणि लालसाठी तांबं. लालची गोष्ट वेगळी. तांब्याची लाल काच ३ मिलिमीटर जाडीची केली तर ती काळीच दिसते. म्हणून रंगहीन काचेवर लालचा पातळ थर चढवतात. हा थर आम्लाने किंवा घासून काढला की लालवर पांढरी नक्षी उमटते. ढाली आणि मानचिन्हांसाठी ही युक्ती फार उपयोगी पडते.

जुनी काच बीचच्या लाकडाची राख आणि वाळू यांची. थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या १२व्या शतकातल्या भिक्षूने दोन भाग राख आणि एक भाग वाळू असं प्रमाण दिलं आहे. राखेतल्या पोटॅशमुळे ही काच पावसात झिजते, तिच्यावर खड्डे पडतात आणि पांढरट पापुद्रा धरतो. नवी काच सोड्याची असते, ती टिकते. त्यामुळे आजची खिडकी रसायनाने मध्ययुगीन नसते, आणि तसा हट्ट धरण्यात अर्थही नाही. बुडबुडे, रेघा, जाडीतला फरक हे आलं की पुरे.

आराखडा आणि कापणी

आधी दगडी चौकटीचा साचा घेतात. कमान कागदावर समतोल असली तरी दगडात क्वचितच तशी असते, म्हणून खिडकीच्या प्रत्येक खणाचा (सुट्या भागाचा) वेगळा साचा लागतो. मग मूळ मापाचा आराखडा, आणि त्यावर शिशाच्या रेषा. शिशाची पट्टी इंग्रजी एच अक्षरासारखी असते. मधल्या भिंतीची जाडी दीड ते पावणेदोन मिलिमीटर, म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये तेवढी फट सोडावी लागते. कागदी नमुने कापायला दुहेरी पात्याची कात्री असते, ती मधली चिंधी आपोआप काढून टाकते.

नवशिक्याची खिडकी बिघडते ती इथे. एका ओळीत २० तुकडे असतील आणि प्रत्येक अर्धा मिलिमीटर मोठा कापला गेला, तर जोडल्यावर खण एक सेंटिमीटरने रुंद होतो आणि दगडात बसत नाही. मग कोणी दगड खरवडायला निघतो, कोणी काच दाबून बसवतो आणि ती पहिल्याच थंडीत तडकते.

मध्ययुगात तापलेल्या लोखंडाने काच तडकवत आणि खाच असलेल्या पकडीने कडा कुरतडत. जुन्या तुकड्याची कड दाताने चावल्यासारखी दिसते ती त्यामुळे. आज पोलादी चाकाच्या कटरने कापतात. खोल अंतर्वक्र आकार एका झटक्यात काढू नये, पातळ पातळ चकत्यांनी आत जावं.

रंगकाम

रंग म्हणजे लोखंडाचं किंवा तांब्याचं ऑक्साइड आणि लवकर वितळणाऱ्या काचेची पूड. पाणी आणि डिंकात तो खलतात. थिओफिलस वाइन किंवा मूत्र वापरायला सांगतो. आधी रेषा, मग सावलीचा पातळ थर. तो बॅजरच्या केसांच्या रुंद ब्रशने अलगद झटकून एकसारखा करायचा, वाळला की काडीने, सुईने, ताठ ब्रशने उजेड खरवडून काढायचा. दाढीचा प्रत्येक चमकता केस असा खरवडलेला असतो. डिंक जास्त झाला तर भट्टीत रंगाला फोड येतात. कमी झाला तर बोट लागताच रेष पुसली जाते. भाजण्याआधी रेषेवर पाण्यातला थर द्यायचा असेल तर रेष व्हिनेगरमध्ये खलून काढतात, म्हणजे ती पाण्याने सुटत नाही.

या रंगाचं खरं काम उजेड अडवण्याचं आहे. निळी काच लांबून पाहिली की पसरते, शेजारच्या रंगांवर चढते. व्हिओले-ल-ड्युक या फ्रेंच वास्तुविशारदाने हे १९व्या शतकात नोंदवून ठेवलं. म्हणून जुने कारागीर निळ्या पार्श्वभूमीवर बारीक जाळी किंवा वेलबुट्टी रंगवत आणि भोवती पांढऱ्या मण्यांची किनार देत. हल्लीच्या पुष्कळ खिडक्यांत हे वगळतात. मग देवदूताचा चेहरा निळ्यात बुडून जातो, आणि दोष मात्र काचेला दिला जातो.

भाजणी साधारण ६५० ते ६८० अंश सेल्सियसला. जास्त तापलं तर रेष फिकी पडते, तुकड्याच्या कडा गोल होतात. कमी तापलं तर रंग वरवर बसतो आणि काही वर्षांत गळतो. इंग्लंडमधल्या १८६०-७०च्या दशकांतल्या अनेक खिडक्यांमधल्या चेहऱ्यांचे डोळे गेले आहेत. रंग लवकर वितळावा म्हणून त्यात बोरॅक्स घालत, आणि तो ओलाव्याने सुटला. भट्टी थंड करायची घाईही नडते, काचेत ताण राहतो आणि महिन्याभराने तुकडा आपोआप फुटतो.

पिवळ्यासाठी चांदीचा क्षार गेरूसारख्या मातीत कालवून काचेच्या मागच्या बाजूला लावतात आणि ५५० ते ६०० अंशांना भाजतात. चांदी काचेतच शिरते, माती धुऊन टाकायची. एकाच तुकड्यात पांढरा चेहरा आणि सोनेरी केस मिळतात, मध्ये शिसं नको. मिन्स्टरच्या मुख्य दालनात साधारण १३१०च्या सुमाराची हेराल्डिक (मानचिन्हांची) खिडकी आहे, इंग्लंडमधल्या याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. उत्तरेची ‘फाइव्ह सिस्टर्स’ मात्र १२६०च्या आसपासची, तिच्यात हे तंत्र नाही. १३व्या शतकाच्या धर्तीवर खिडकी करून तिच्यात संतांना असे सोनेरी केस देणं ही ढोबळ चूक आहे, आणि ती सर्रास दिसते.

जोडणी

शिशाची पट्टी वापरण्याआधी ताणून सरळ करतात. पाटावर काटकोनात दोन लाकडी पट्ट्या ठोकून कोपऱ्यातून सुरुवात, प्रत्येक तुकडा नालेच्या खिळ्यांनी धरून ठेवायचा. सांधे कथिल-शिशाच्या डाखाने जोडतात, त्याआधी मेणबत्ती घासतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि ६०-४० चा डाख १९०च्या आसपास. हे अंतर फारसं नाही. डाख देण्याचं तापलेलं लोखंड एका जागी रेंगाळलं की पट्टीलाच भोक पडतं.

मग लांबी (पुट्टी) भरायची: जवसाचं तेल, खडूची पूड, थोडं टर्पेंटाइन, काजळी. ब्रशने ती शिशाच्या पाकळ्यांखाली रेटतात, वरून खडूची पूड किंवा लाकडाचा भुसा टाकून घासतात. तोवर लुळा असलेला खण इथे ताठ होतो. दोनेक आठवडे आडवा ठेवायचा. या पायरीत कसूर झाली की पाणी झिरपतं आणि वाऱ्यात खण खुळखुळतो. शिशाचं काम आहे, तेव्हा कार्यशाळेत खाणंपिणं नको आणि हात धुतल्याशिवाय बाहेर पडणं नको.

खण फार मोठा करू नये, अर्धा-पाऊण चौरस मीटर बेताचा. मागे तांब्याच्या तारा डाखून त्या आडव्या सळ्यांना बांधतात. जुन्या सळ्या लोखंडी, गंजून फुगल्या की दगड फोडतात. आता कांस्य किंवा स्टेनलेस स्टील वापरतात.

मिन्स्टर

एवढं डोक्यात ठेवून मग मिन्स्टरच्या पूर्व टोकाला जावं, सकाळी, कारण सूर्य त्या बाजूला असतो. तिकीट आहे. दुर्बीण न्या. टेनिस कोर्टाएवढी ही खिडकी कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत केली. मेहनताना ५६ पौंड ठरला होता. वर बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथा, खाली प्रलय आणि शेवट. तिचे ३११ खण उतरवून यॉर्क ग्लेझियर्स ट्रस्टने दुरुस्त केले, काम २०१८ मध्ये पुरं झालं. पूर्वी तुकडा फुटला की तडेवर आणखी एक शिशाची पट्टी घालत. शतकानुशतकं असं करत गेल्याने चेहऱ्यांवर जाळं पसरलं होतं. आता तड चिकटवतात आणि पट्टी काढतात. हरवलेल्या तुकड्याच्या जागी नवा रंगवतात. जुना तुकडा मात्र, कितीही झिजलेला असो, फेकत नाहीत.

बाहेरून अतिनील किरण अडवणारी दुसरी काच बसवली आहे. मधल्या फटीत आतली हवा खेळती राहते, त्यामुळे दव बाहेरच्या काचेवर धरतं आणि जुनी कोरडी राहते. आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करता हा उपाय फार मोलाचा वाटतो. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सची १९व्या शतकातली काच आहे. तिथलं शिसं आणि लांबी वर्षाला चार महिने दमट हवेत काढतात. अशी जादा काच बसवायची तर वर-खाली हवेला वाट ठेवावीच लागते. फट बंद केली तर ओलावा आतच कोंडतो आणि नुकसान वाढतं.

नवं काम बघायचं असेल तर परतताना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत उत्तर भुजेतली ‘क्वीन्स विंडो’ पाहा. चित्रकार डेव्हिड हॉकनीने आयपॅडवर चितारलेली, यॉर्कच्या बार्ली स्टुडिओने काचेत उतरवलेली, २०१८ची. आकार पूर्ण आजचे, तरी खिडकी उभी आहे ती शिशात जोडलेल्या तुकड्यांवरच. यॉर्कमध्ये हातात वेळ असेल तर मिकलगेटवरचं सेंट मार्टिन-कम-ग्रेगरी हे जुनं चर्चही गाठा, तिथे स्टेन्ड ग्लास सेंटर आहे. ते आणि ऑल सेंट्स रोज ठरलेल्या वेळी उघडं असेल असं धरून चालू नये, निघण्याआधी वेळ पाहून घ्यावी.