आयल रॉयलचा आराखडा: मार्ग ठरला, आता पाण्याचं बघू

मागच्या नोंदीत बेट तेवढं नक्की झालं होतं. आता महिना ठरलाय, मार्ग ठरलाय, बोटीवर जागाही मिळालीय. पाण्याचं प्रकरण मात्र वाचावं तितकं वाढत चाललंय, त्यामुळे आजची नोंद बरीचशी त्यावरच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आयल रॉयल हे सुपीरियर सरोवरातलं बेट. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोडतं, 1940 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. गाड्या नाहीत, पूल नाही. जायचं तर बोटीने, नाहीतर सीप्लेनने. उघडं असतं ते 16 एप्रिल ते 31 ऑक्टोबर. उद्यानाचं शुल्क माणशी रोज 7 डॉलर. (भूगोलाची कोडी आवडणाऱ्यांसाठी: बेटावर सिस्किविट नावाचं तळं आहे आणि त्या तळ्यात रायन नावाचं आणखी एक बेट.)

इथे येणारे बहुतेक जण ग्रीनस्टोन रिज करतात. बेटाच्या कण्यावरून जाणारी साधारण 65 किलोमीटरची वाट. माझ्याही पहिल्या आराखड्यात तीच होती, पण काढून टाकली. मला बघायचेत मूस (थंड प्रदेशातलं अवाढव्य हरीण), आणि मूस उन्हाळ्यात खाली पाण्यात सापडतात. झाडपाल्यात सोडियम फार कमी असतं, पाणवनस्पतींमध्ये भरपूर. म्हणून ते गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून, मुंडकं बुडवून चरतात. डोंगरकण्यावरून रोज वीस-वीस किलोमीटर तंगडतोड केली तर दिसेल ती फक्त त्यांची विष्ठा. त्यामुळे आता विंडिगोला, म्हणजे बेटाच्या पश्चिम टोकाच्या धक्क्यावर, उतरायचं, पहिला मुक्काम तिथल्याच वॉशिंग्टन क्रीकवर, मग 14 किलोमीटरच्या आसपास चालून फेल्डमन तळं. तिथे नियमात बसतील तितक्या रात्री तळ ठोकायचा आणि आल्या वाटेने परत. फेल्डमनहून रेनबो कोव्ह सव्वा किलोमीटरवर आहे, म्हणजे सुपीरियरचा किनाराही पदरात पडतो. वॉशिंग्टन क्रीकला पुढून जाळी लावलेले लाकडी निवारे आहेत, पण ते आधी येईल त्याला. फेल्डमनला तेही नाहीत, तेव्हा तंबू न्यावाच लागणार.

महिन्यावर बरीच डोकेफोड झाली. जून-जुलैत मूस पाण्यात हमखास, पण डास आणि ब्लॅक फ्लाय (चावऱ्या बारीक माश्या) जीव नको करतात. सप्टेंबरात किडे कमी आणि नरांचा माज सुरू होतो, पण पाण्यात चरणं ओसरलेलं असतं. मधला ऑगस्ट घेतला. थिंबलबेरी (रासबेरीसारखं रानफळ) पिकलेली असते, लून या पाणपक्ष्याची पिल्लंही मोठी झालेली असतात.

पण ऑगस्टची एक अडचण आहे, आणि इथून पाणी सुरू होतं. उन्हाळा सरत आला की आतल्या काही तळ्यांत सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंची, हिरवी साय धरते. त्याचं विष गाळूनही जात नाही, उकळूनही जात नाही. तसलं पाणी दिसलं की ते घ्यायचंच नाही, एवढा एकच उपाय. दुसरी गोष्ट खास या बेटाची: हायडॅटिड फीतकृमी. लांडग्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात जातात, मूसच्या पोटात पोचतात, फुप्फुसात गाठी होतात, तोच मूस लांडगा खातो आणि चक्र पुन्हा चालू. मधे आपण पाणी प्यायलो तर मूसच्या जागी आपण. क्लोरीनच्या गोळ्या आणि यूव्ही पेन (अतिनील प्रकाशाने पाणी निर्जंतुक करणारं यंत्र) या अंड्यांवर चालत नाहीत. उद्यानाचं सांगणं असं की 0.4 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणी वापरा, नाहीतर पाणी खळखळून उकळा. माझी गाळणी 0.1 ची आहे, तेव्हा ती चिंता नाही. पण आतल्या तळ्यांचं पाणी चहाच्या रंगाचं आणि गाळाचं. बारीक गाळणी त्यात पटकन तुंबते. म्हणून आधी घडी घातलेल्या रुमालातून पिशवीत भरायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं पाणी गाळायचं. उलटं पाणी मारून गाळणी धुवायची पिचकारीही सोबत. तरीही गॅस थोडा जास्त घेतोय, गाळणी तुंबलीच तर उकळायला. सीप्लेनमध्ये इंधन नेता येत नाही. तसे जाणारे ते विंडिगो किंवा बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या रॉक हार्बरच्या दुकानात घेतात.

लांडग्यांचा विषय निघालाच आहे तर: 1958 पासून इथे लांडगे आणि मूस यांचा अभ्यास सलग चालू आहे. 2018 मध्ये दोनच लांडगे उरले होते, मग 2018-19 मध्ये बाहेरून 19 आणून सोडले. दिसतील अशी आशा नाही, रात्री ऐकू आले तरी पुष्कळ. कुत्र्यांना बेटावर बंदी आहे, आणि 1980 च्या दशकात पार्व्होव्हायरसने, म्हणजे कुत्र्यांच्या रोगाने, इथल्या लांडग्यांचं काय केलं ते वाचलं की ती पटते. अस्वलं नाहीत, तरी खाणं उघड्यावर ठेवायचं नाही. कोल्हे तर बूटसुद्धा पळवतात, तेव्हा बूट तंबूच्या आत.

बोट ग्रँड पोर्टेजहून, म्हणजे मिनेसोटाच्या बाजूने. लक्षात ठेवायची गोष्ट ही की ग्रँड पोर्टेजचं घड्याळ बेटाच्या घड्याळापेक्षा एक तास मागे असतं. परतीची वेळ कोणत्या घड्याळाने दिलीय ते तिकिटावर खूण करून ठेवलंय. धुकं-वारा असला की बोट अडकते, म्हणून एका दिवसाचा शिधा जास्तीचा आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा.

राहिलेलं काम: सॅकचं वजन आणि लेन्स. तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरचा मूस टिपायचा तर 400 मिमीची लेन्स लागेल असं वाटतंय, पण ती आणि ट्रायपॉड दोन्ही उचलून 14 किलोमीटर चालायचं नाहीये. दुर्बीण नक्की जाणार. लेन्स की ट्रायपॉड, यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा. सॅक भरून वजन केलं की आकडे पुढच्या नोंदीत टाकतो.