जुना पैसा, नवा पैसा

पंच आंधळा होता, चेंडू रेषेच्या आत होता, बदली खेळाडूला दहा मिनिटं आधी उतरवायला हवं होतं, असले वाद दोन दिवसांत शिळे होतात. फुटबॉलच्या चाहत्यांचे टिकाऊ वाद हंगाम संपल्यावर सुरू होतात, सामन्यांचा व्यत्यय दूर झाल्यावर. तेव्हा दोन विषय हमखास निघतात. तुमच्या क्लबच्या मालकानं पैसा आणला कुठून, हा एक. आणि 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, अमक्याला घेतलं, मग तमक्यानं काय घोडं मारलं होतं, हा दुसरा. पहिल्यात हिशेब असतो, दुसऱ्यात भक्ती. इंग्लंडच्या क्लबांपुरतं बोलायचं तर मला हे एकच भांडण वाटत आलंय.

सुरुवात बहुधा मँचेस्टर युनायटेडचा चाहता करतो. समोर चेल्सीवाला असतो. "तुम्ही विजेतेपदं विकत घेतलीत!" चेल्सीवाल्याकडे याला उत्तर नसतं. १९८२ मध्ये केन बेट्सनं त्याचा क्लब एका पौंडाला घेतला होता आणि २००३ मध्ये रशियन अब्जाधीश अब्रामोविचनं सुमारे १४ कोटी पौंडांना. पुढचे करंडक कुठून आले हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग तो इतिहासाचं पुस्तक उघडतो आणि युनायटेडवाल्याला १९०२ सालात नेऊन उभं करतो.

तेव्हा युनायटेड हे नावच नव्हतं. न्यूटन हीथ नावाचा रेल्वे कामगारांचा क्लब २,६७० पौंडांच्या कर्जात बुडाला होता आणि दिवाळखोरी दाराशी आली होती. कप्तान हॅरी स्टॅफर्डचा मेजर नावाचा एक दांडगा सेंट बर्नार्ड कुत्रा होता. क्लबसाठी निधी गोळा करायला भरवलेल्या बाजारातून तो हरवला आणि फिरत फिरत जॉन हेन्री डेव्हिस या बिअरच्या कारखानदाराकडे पोचला, अशी कथा सांगतात. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, कुत्रा मात्र कायम असतो. डेव्हिसनं पैसे घातले, क्लबला नवं नाव आणि नवे रंग मिळाले. १९०८ आणि १९११ मध्ये लीग जिंकली, मधल्या काळात १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड उभं राहिलं, तेही डेव्हिसच्याच पैशावर. १९३१ च्या नाताळात खेळाडूंचे पगार द्यायला पैसे नव्हते, तेव्हा लष्करी गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचे मालक जेम्स गिब्सन धावून आले. म्हणजे बिअरवाला आणि गणवेशवाला नसता तर आज चेल्सीवाल्याला टोमणा मारायला युनायटेडचा चाहता शिल्लकच नसता.

तरी डेव्हिसला कुणी 'विजेतेपद विकत घेणारा' म्हणत नाही. पैसा देणारा मरून पुरेशी वर्षं झाली की त्या पैशाचा वास जातो आणि तो इतिहासात जमा होतो. किती वर्षं लागतात? माझा अंदाज पन्नासेक. एव्हर्टनचंच पाहा ना. साठच्या दशकात लिटलवुड्स या फुटबॉल पूल्सच्या (सामन्यांच्या निकालांवर पैजा घेणाऱ्या) कंपनीच्या जॉन मूर्स यांच्या पैशावर संघ उभा राहिला तेव्हा लोकांनी त्यांना लक्षाधीश म्हणून हिणवलं. आज एव्हर्टनचे चाहते तोच काळ सात्त्विक असल्यासारखा आठवतात. लिव्हरपूलचा तर जन्मच भाड्याच्या भांडणातून झाला. ॲनफिल्डवर आधी एव्हर्टन खेळायचा. जॉन होल्डिंगशी भाड्यावरून बिनसलं, १८९२ मध्ये एव्हर्टन गुडिसन पार्कला गेला आणि होल्डिंगच्या हाती रिकामं मैदान उरलं. मैदान आहे, संघ नाही, म्हणून त्यानं संघ काढला.

आणि आर्सेनल! टॉटनहॅमच्या चाहत्याला झोपेतून उठवून १९१९ म्हणा. पहिल्या महायुद्धाआधीच्या शेवटच्या हंगामात आर्सेनल दुसऱ्या श्रेणीत होता आणि तिथेही पहिल्या चारांत नव्हता. युद्धानंतर वरची श्रेणी वाढवली तेव्हा मतदान झालं, आर्सेनल १८ विरुद्ध ८ मतांनी वर गेला आणि टॉटनहॅम खाली. आर्सेनलचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी आतून काय चक्रं फिरवली याच्या कथा तेव्हापासून चालू आहेत. आर्सेनल त्यानंतर कधी खाली उतरलेला नाही, हे जखमेवरचं मीठ वेगळंच.

जुन्या मालकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र म्हणायला हवी. क्लबमधून पैसा काढून घ्यायची त्यांना फारशी सोयच नव्हती. फुटबॉल असोसिएशनच्या नियमानं लाभांशावर मर्यादा होती, संचालकाला पगार नव्हता. क्लब चालवायचा तो गावात टोपी उंचावून लोकांनी नमस्कार करावा म्हणून. १९८३ मध्ये टॉटनहॅमनं वर एक स्वतंत्र कंपनी काढून ती शेअर बाजारात नेली आणि नियमाला वळसा घातला. पुढे २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं युनायटेड घेतला तो मोठ्या प्रमाणावर कर्ज काढून, आणि त्यातल्या बऱ्याच कर्जाचा बोजा क्लबवरच आला. इथे मी चाहत्यांच्या बाजूचा आहे. खिशातून पैसा घालणारा आणि क्लबच्या गळ्यात कर्ज बांधणारा, दोघांना 'धनाढ्य मालक' या एकाच खान्यात टाकता येत नाही. काही चाहत्यांनी तेव्हा एफसी युनायटेड नावाचा स्वतःचा क्लब काढला. उरलेल्यांनी २०१० मध्ये हिरवे-पिवळे मफलर गळ्यात घातले. ते रंग न्यूटन हीथचे.

हिशेब आणि भक्ती यांची गाठ पडते ती ब्लॅकबर्नमध्ये. जॅक वॉकर तिथलाच, लहानपणापासून रोव्हर्सचा चाहता. पोलादाचा धंदा ब्रिटिश स्टीलला विकून गडगंज झाला आणि १९९१ मध्ये क्लब हाती घेतला. केनी डाल्ग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं, १९९२ मध्ये त्या वेळची विक्रमी ब्रिटिश रक्कम मोजून ॲलन शिअररला आणलं. १९९५ मध्ये, शेवटच्या दिवशी, ॲनफिल्डवर सामना हरूनही, ब्लॅकबर्ननं एका गुणानं लीग जिंकली. युनायटेड त्याच वेळी वेस्ट हॅमशी बरोबरीत अडकला होता.

२०२१ मध्ये प्रीमियर लीगनं हॉल ऑफ फेम सुरू केला तेव्हा पहिली दोन नावं मतदानाशिवाय घेतली, शिअरर आणि थिएरी ऑन्री. शिअररचे २६० गोल, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण त्याच्या कारकिर्दीतलं एकमेव लीग विजेतेपद ज्याच्या पैशावर आलं त्या वॉकरला या दालनात दारच नाही. त्याचा पुतळा ईवुड पार्कबाहेर आहे. तोफ दालनात आणि तोफ विकत घेणारा दाराबाहेर, यावर ब्लॅकबर्नच्या माणसाला छेडून पाहा. तो वॉकरला 'मालक' म्हणूच देत नाही. "तो आमच्यातलाच होता," म्हणतो. २०१० मध्ये वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टनं क्लब पुण्याच्या व्यंकीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीला विकला, २०१२ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला, आणि ज्या सामन्यात गेला त्यात प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. वॉकरला संत करण्यात त्या कोंबडीचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

दालनाच्या नियमांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली, म्हणून तिच्या हिशेबात फुटबॉलही तेव्हाच जन्मला. आर्सेनलच्या टोनी ॲडम्सचा १९८९ चा ॲनफिल्डवरचा, शेवटच्या सामन्यात लीग जिंकून देणारा तो अचाट शेवट, कप्तान म्हणून उचललेला तो करंडक, इथे मोजलाच जात नाही. त्याला २०२३ पर्यंत थांबावं लागलं. मॅट ल टिसिए २०२१ च्या २३ जणांच्या यादीत होता, पण निवडलेल्या सहांत नव्हता. कारण उघड आहे. साउदॅम्प्टन सोडून तो कुठे गेला नाही, मोठा करंडक जिंकला नाही. क्लबसाठी ४८ पेनल्टी घेतल्या आणि ४७ मारल्या, एवढंच! करंडक मोजायचे तर शेवटी मालकाची तिजोरीच मोजली जाते, आणि मग खेळाडूचं दालन कशाला म्हणायचं?

त्या मानानं नॅशनल फुटबॉल म्युझियमचं दालन मला जास्त समंजस वाटतं. २००२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा पहिल्या तुकडीत बॉबी चार्ल्टन, जॉर्ज बेस्ट अशा नावांबरोबर लिली पार होती, एकटीच बाई. 'डिक, कर लेडीज' या कारखान्यातल्या बायकांच्या संघाची ही खेळाडू. १९२१ मध्ये फुटबॉल असोसिएशननं बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. तरी ती खेळत राहिली.

मालकांसाठी दालन काढलंच तर माझं मत विम्बल्डनच्या चाहत्यांना. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला त्यांचा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा २००२ च्या उन्हाळ्यात त्यांनी विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि नव्या क्लबची तळापासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये परतले, २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या पत्त्यावर. क्लब आजही त्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात आहे. हे सुचवलं की पोर्ट्समथवाला लगेच उठतो: बुडालेला क्लब आम्हीही २०१३ मध्ये घेतला होता, आमचं काय? "पण २०१७ मध्ये तुम्ही तो डिस्नीच्या माजी प्रमुखाला विकलात ना," विम्बल्डनवाला म्हणतो. "मतदान घेऊन विकला," पोर्ट्समथवाला म्हणतो, "आणि पैसा त्याचा स्वतःचा आहे."