मूळव्याध नाही, एअर कुशन आहे

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. सिग्नलला विचारता, पेट्रोल पंपावर विचारता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये विचारता, ताम्हिणीत कणीस खाताना विचारता, की ही बाईकच्या सीटवर काळी चौकोनी उशी कसली. हवेची आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मूळव्याध आहे का? मग सगळे हसणार. मग तिसरा, हवा एवढी कमी कशी, पंक्चर आहे वाटतं. हे विचारताना निम्मे लोक अंगठ्याने दाबून बघतात, परवानगी वगैरे काही नाही, आणि एकाने तर मी चहा आणायला गेलो तेवढ्यात भल्या मनाने फुंकून फुंकून टम्म करून ठेवली होती. त्याच्यावर मी जरा जास्तच ओरडलो. का ते पुढे येईल.

आधी सोपं सांगतो. गाडी रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, 411 वाली, सीटची उंची 800 मिलिमीटर. कंपनीचा फोम वाईट नाहीये, शहरात तर कळतही नाही. पण हायवेला तास-दीड तास एका जागी बसलं की सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर आणि थोडं माकडहाडावर येतं, आणि फोम तिथेच दबून खाली टेकतो. मग आपण पुढे सरक, मागे सरक, फुटपेगवर उभे राहा, असले प्रकार करतो. पुण्यात नाना पेठेत सीट नेऊन जाड फोम भरून घेतला की पहिले काही दिवस मस्त वाटतं, मग तोही बसतो. जेलचं पॅड मे महिन्यात उन्हात ठेवून बघा, परत नाव काढणार नाही. लाकडी मण्यांचं कव्हर, जाळीचं कव्हर, ह्याने घाम कमी होतो हे खरं, पण हाडावरचा दाब तेवढाच राहतो. सायकलची ट्यूब गुंडाळून बसणारेही पाहिलेत, त्यांना माझा दंडवत.

एअर कुशनमध्ये छोटे छोटे कप्पे असतात आणि ते आतून एकमेकांना जोडलेले असतात. हाड जिथे रुततं तिथली हवा शेजारच्या कप्प्यांत सरकते, म्हणजे वजन दोन टोकांवर न राहता मांडीपर्यंत पसरतं. बस. आता ह्यात मऊपणाचा संबंध नाही, तरी लोक 'मऊ आहे का' हेच विचारतात. आणि पसरायचं तर आत हवा सरकायला जागा पाहिजे, म्हणून ती कमीच भरायची. टम्म भरली की कप्पे ताठ होतात, तुम्ही फुगलेल्या पुरीवर बसल्यासारखे वर तरंगता, वळणावर गाडी एकीकडे आणि बूड दुसरीकडे. मग लोक म्हणतात एअर कुशन बेकार असतं.

हे मला कुठल्या रायडरने शिकवलं नाही. आणि इथेच दरवेळी मी विषय बदलतो.

ही कप्प्यांची गादी बाईकसाठी निघालेलीच नाही. रोहो नावाच्या अमेरिकन कंपनीने 1970 च्या दशकात ती व्हीलचेअरसाठी आणली, ज्यांना कमरेखाली काही जाणवत नाही अशा लोकांना बेडसोर, म्हणजे एका जागी सतत दाब पडून होणारी जखम, होऊ नये म्हणून. एअरहॉक नावाची बाईकवाली गादी त्याच घरातली. आमच्याकडे व्हीलचेअरवाली आधी आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर महाडच्या घराची कौलं शाकारताना वरून पडले, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हॉस्पिटलमधून सोडताना सिस्टरने मला शिकवलं होतं. त्यांना गादीवर बसवायचं, हात तळवा वर करून गादीखाली नव्हे, गादी आणि बूड ह्यांच्या मधे घालायचा, हाड शोधायचं, आणि हाडाखाली गादीच्या तळापर्यंत अर्धा ते एक इंच उरेल एवढीच हवा ठेवायची. रोज सकाळी. अण्णांनी पहिल्या दिवशी त्या गादीकडे बघितलं आणि म्हणाले, ह्यात हवा तरी आहे का रे? जन्मभर एसटीच्या सीटवर टॉवेलाची घडी घालून बसलेला माणूस, त्यांना ते पटतच नव्हतं.

ठीक चाललं होतं. मे महिन्यात महाडला नुसती भट्टी, म्हणून आत्याने आग्रह केला की चार दिवस पाचगणीला आणा. जीप केली, पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, तिथून पाचगणी. सकाळी निघताना मी हात घालून हवा बघितली होती, बरोबर होती. तिथे पोचल्यावर अण्णा इतके खूश, गॅलरीत व्हीलचेअर लावली, आत्याशी गप्पा, पत्ते, जेवणही तिथेच. त्यांना आत चला म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तो माणूस पडल्यापासून एवढा बोलला नव्हता.

रात्री आडवं करताना आईला दिसलं. उजव्या हाडावर रुपयाएवढा डाग. ट्यूबलाइटमध्ये नीट कळेना म्हणून तिने टॉर्च मागितला. बोटाने दाबून सोडलं. आपल्या हातावर दाबलं तर रंग जातो आणि परत येतो, तो गेलाच नाही. परत दाबलं. आम्ही तिघं त्या टॉर्चच्या उजेडात त्या डागाकडे बघतोय आणि अण्णा पालथे पडून विचारतायत, काय झालं, काय झालं, मला तर काही होत नाहीये.

काही होत नव्हतं हाच तर प्रॉब्लेम होता. तुमचं-माझं बूड दुखतं म्हणून आपण सरकतो. त्यांचं दुखत नव्हतं.

डागाची जखम झाली, जखम आतून पोकळ निघाली, मग कित्येक महिने पालथं किंवा कुशीवर, रोज ड्रेसिंग, ताप. ते सगळं लिहीत नाही. घरात मात्र खटला सुरू झाला. काका म्हणाले जीपमधे हादरे बसले. आत्या म्हणाली माझ्याकडेच आणायला नको होतं. आई म्हणाली मी दुपारी बघायला पाहिजे होतं. डॉक्टर म्हणाले होतं असं. भरून आली जखम शेवटी. अण्णा नंतर गेले ते वेगळ्याच कारणाने.

पुढे बरीच वर्षं गेली, मी बाईक घेतली, बूड दुखायला लागलं, आणि बाईकसाठी तसलंच एअर कुशन मिळतं कळल्यावर डोळे झाकून घेतलं, कारण हवा कशी लावायची ते हाताला माहीत होतं. पहिल्याच मोठ्या राइडला महाडला घरी मुक्काम केला. सकाळी अंगणात गाडीवर बसून, हात घालून, नीट अर्धा इंच ठेवून निघालो. पोलादपूर, मग आंबेनळी. अर्ध्या घाटात वाटलं सीट कडक होतेय. म्हटलं भास असेल. प्रतापगड फाट्याला कुंभरोशीत चहाला थांबलो आणि उतरताना बघतो तर कप्पे सगळे ताठ. कुणी फुंकलेली नाही, व्हॉल्व्ह बंद. मी बसलो, हात घातला, हाड वर तरंगतंय.

फिजिक्स शाळेतलंच आहे. महाड जवळपास समुद्रसपाटीला, महाबळेश्वर-पाचगणी साधारण 1,300 मीटर, तिथे बाहेरचा हवेचा दाब 14-15 टक्क्यांनी कमी. आतली हवा तेवढीच, पण बाहेरून दाबणारं कमी झालं, म्हणून ती पसरते. व्हॉल्व्ह सैल केला, फुस्स करून हवा गेली, गादी परत ढिली झाली. पाच सेकंदांचं काम. चहा तसाच राहिला. त्या टपरीवाल्याने विचारलं काय पंक्चर आहे का, मी हो म्हणालो.

अण्णांना आम्ही ह्याच घाटाने वर नेलं होतं. ह्याच पद्धतीने हवा लावून. आणि वर पोचल्यावर हात घालून बघायचं कुणी सांगितलं नव्हतं. 'रोज सकाळी बघा' सांगितलं होतं, 'घाट चढल्यावर बघा' नाही. हॉस्पिटलला तेव्हा दोष दिला मी मनातल्या मनात, भरपूर दिला. पण खरं सांगू, आता तेवढी खात्री वाटत नाही. बायको म्हणते तू आरोपी शोधतोयस, जखमा सपाट गावातही होतात. मी म्हणतो 15 टक्क्यांचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. ती म्हणते दिवसभर एका जागी बसवून ठेवलं हे जास्त. आईला हे सगळं फोनवर समजावून सांगितलं, प्रेशर, उंची, सगळं, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, गॅलरीत ऊन पण होतं रे त्या दिवशी. आता उन्हानेही हवा पसरते, कातडीलाही ऊन चांगलं नाही, म्हणजे माझ्या थिअरीला तिने आधारही दिला आणि सुरुंगही लावला. त्या कुंभरोशीच्या दिवशी मला वाटलेलं की आपल्याला उत्तर सापडलं. आजचा मी त्या माणसाला एवढंच म्हणेन की बाबा, एक कारण सापडलं. तो ऐकणार नाही, आणि काही दिवस मीही ऐकत नाही.

तर त्या फुंकणाऱ्या दादांवर ओरडलो ते ह्यामुळे. त्यांची चूक नव्हती. पण हवा माझी मीच बघणार.

आता घ्यायचीच असेल तर. दुकानात हातात धरून दाबून काही कळत नाही, आपल्या सीटवर ठेवून बसून बघा. सीटच्या नाकापेक्षा, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागापेक्षा, रुंद घेतलीत तर कडा मांडीला घासतात आणि पाय जमिनीवर टेकायला अडचण येते. मधे खाच असलेली घ्या, पुरुषांना तर नक्कीच, तिथल्या नसांवर दाब आला की मुंग्या येतात. खालचे पट्टे सीट काढून त्याच्याखालून घेता आले पाहिजेत, नुसत्या रबराच्या घर्षणावर भरवसा नको. भरायची पद्धत उलटी आहे. आधी जास्त भरा, जॅकेट-पँट घालून बसा, पाय पेगवर, मग हळूहळू सोडत जा. 'आता काही राहिलं नाही' असं वाटतं तिथे साधारण बरोबर असतं. पावसात कप्प्यांच्या मधे पाणी साठतं, मुक्कामाला काढून उभी करून ठेवा. पंक्चरवाल्याचा सायकलचा पॅच प्लास्टिकच्या गादीवर टिकत नाही, सोबतचं किट फेकू नका. आमच्याकडे मांजराने नखं लावली तेव्हा कळलं.

लडाखवाल्यांना वेगळं सांगतो. खारदुंग ला ही खिंड साधारण 5,360 मीटर, पाटीवर कितीही लिहिलेलं असो, आणि तिथे दाब जवळपास निम्मा होतो. चढताना थांबाल तिथे सोडत जा. पण उतरताना लोक विसरतात, लेहला येईपर्यंत गादी चपटी होते आणि हाड सरळ सीटवर टेकतं, तेव्हा परत चार फुंका मारायच्या.

आणि ती लावली म्हणून सलग चारशे किलोमीटर मारायचे नाहीत. माझा एक मित्र म्हणतो मग उपयोग काय, दर तासाला उतरायचंच तर कंपनीची सीट काय वाईट, उगाच हजारो रुपये. त्याला अजून पटेल असं उत्तर मला देता आलेलं नाही, मी लावतोच आणि उतरतोही.